सिस्टरबाईंची साक्ष

घरमालकीण म्हणून त्यांच्याबद्दल माझी एकच तक्रार होती. पेपर मला भोकं पडलेला मिळायचा.

सकाळी आधी त्या वाचणार, मग मी, असं आमचं ठरलेलं होतं. वाचायला बसताना त्या चष्म्याबरोबर कात्रीही घेऊन बसत. जिथे जिथे 'असे समजते', 'असे बोलले जाते', 'सूत्रांकडून कळते' असं छापलेलं असे, तेवढा मजकूर त्या सरळ कापून काढत. निवडणुकीच्या दिवसांत तर माझ्या हातात पेपर नव्हे, मासे पकडायचं जाळंच यायचं. एकदा मी वैतागून म्हणालो, "सिस्टरबाई, आता यात वाचायचं काय?"

"उरलंय ते वाचा, मास्तर. ते कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं आहे."

उरलेलं म्हणजे बहुतेक वेळा अपघाताच्या बातम्या आणि पानभर साबणाची जाहिरात. हवामानाच्या अंदाजालाही त्यांनी पहिल्याच महिन्यात कात्री लावली होती. "उद्याचं कुणी पाहिलंय?" हे त्यावर कारण.

त्या सिस्टर होत्या, पण मठातल्या नव्हेत. सरकारी उपकेंद्रात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी तलासरीच्या आसपासच्या पाड्यांत गेली होती. नवरा तरुणपणीच वारला, मूलबाळ नव्हतं. लोक त्यांना सिस्टरबाई म्हणत. मठातल्या खऱ्या सिस्टरांना हे थोडं टोचत असे. त्यांच्यातल्या एकीने कधीतरी, लोकांचा गोंधळ होतो, असं हळूच सुचवलं. सिस्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही लग्न केलं नाही म्हणून सिस्टर. मी लग्न करून पाहिलं आणि मग सिस्टर. येशूला दोन्ही चालतात, तुम्ही विचारून बघा."

मी त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आलो ते २०१४ साली. आम्ही मूळचे वसईकडचे. डहाणू रोडला शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो, बायको आधीच गेली होती. तलासरीजवळच्या या पाड्यात माझ्या वडिलांनी धर्मशिक्षक म्हणून काम केलं होतं, तेव्हा फादरांनी सुचवलं की इथेच या, मुलांना शिकवा, ईस्टरचं नाटक बसवा, चर्चच्या कमिटीत बसा. मीही आनंदाने आलो. वडिलांचं नाव इथे आदराने घेतलं जायचं आणि त्या नावाखाली बसायला सावली चांगली होती.

सिस्टरबाईंचा जन्म याच पाड्यातला, वारली घरातला. साडी कडक इस्त्रीची, केस घट्ट अंबाड्यात आणि तोंडात कायम एकच प्रश्न: "पाहिलंत की ऐकलंत?" हा प्रश्न त्या कुणालाही विचारत. एस.टी.च्या कंडक्टरने गाडी पुढे बंद पडली आहे म्हटलं, तरी हाच. मी दात दुखतो म्हणालो तेव्हा मात्र विचारला नाही. तोंड उघडायला लावून स्वतःच पाहिलं.

झाईहून एक मासेवाली आठवड्यातून दोनदा टोपली घेऊन बसने यायची. तिचं आणि सिस्टरबाईंचं संभाषण ऐकायला मी मुद्दाम ओटीवर येऊन बसत असे.

"ताजे आहेत का ग?"

"आताच बोटीतनं उतरले, बाय."

"तू उतरवलेस?"

"नाय ग, दिराने."

"मग तुला काय माहीत? दिराला पाठव."

"दीर आला तर म्हणशील, समुद्राला घेऊन ये!" मासेवाली टोपलीवरचा कपडा बाजूला करत म्हणायची. "घे, डोळा बघ माशाचा. तो सांगेल."

हे मात्र सिस्टरबाईंना पटायचं. माशाचा डोळा ही थेट साक्ष.

त्यांनी चार कोंबड्या पाळल्या होत्या: मग्दालेना, योहान्ना, फीबी आणि प्रिस्का. ज्यांना ही नावं ठाऊक नाहीत त्यांना त्या उभ्या-उभ्या शिकवणी देत. मग्दालेना आणि योहान्ना या येशूच्या कबरीकडे पहाटे गेलेल्या बायकांतल्या. फीबी म्हणजे पौलाचं पत्र घेऊन रोमला गेलेली. प्रिस्काच्या घरात पहिली ख्रिस्तसभा भरायची आणि भल्या भल्या उपदेशकांना ती बाजूला घेऊन सुधारायची. फीबीवर त्यांचा विशेष जीव. "एवढं मोठं पत्र, मास्तर! पौलाने लिहिलं खरं, पण नेलं कुणी? वाटेत ती आजारी पडली असती, बोट चुकली असती, तर तुमचा रोम बसला असता वाट बघत. इथे झाईहून डहाणूला डबा पोचवताना आमटी सांडते." पत्र रोममध्ये कुणी मोठ्याने वाचून दाखवलं असेल, लोकांनी शंका विचारल्या असतील तर उत्तरं कुणी दिली असतील, यावर त्यांचं ठाम मत होतं: फीबीनेच. मी म्हणालो, "हे तुम्ही पाहिलंत का?" त्या म्हणाल्या, "नाही. पण मी नर्स आहे. डॉक्टर चिठ्ठी लिहून जातो, समजावून कोण सांगतं?"

पाहुणे आले तरी या कोंबड्या कापल्या जात नसत. सणाला मी एकदा आशेने विचारलं होतं. "साक्षीदारांना कापायचं काम रोमन लोकांनी पुष्कळ केलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही चवळी खा." आणि चवळी खाताना मला त्या काळातल्या हुतात्मा स्त्रियांची गोष्ट ऐकावी लागली. एक चांगल्या घरची, कुशीत तान्हं मूल असलेली, आणि एक गुलाम, तुरुंगातच बाळंत झालेली. दोघी हातात हात घालून रिंगणात गेल्या. ती तुरुंगातली बाळंतीण सांगताना सिस्टरबाईंचा आवाज बदलायचा. "आठव्या महिन्यात झालं तिला. कुणी धरलं असेल हो तिला?" त्यांना त्या हौतात्म्यापेक्षा बाळंतपणाचीच जास्त काळजी वाटत असावी.

बाळंतपण हा त्यांचा प्रांत. आजूबाजूच्या अर्ध्याअधिक माणसांना या जगात त्यांनीच ओढून घेतलं होतं, आणि त्यांना प्रत्येकाचा जन्म आठवे. तारखेने नव्हे, "तुझी आई करवंदं मागत होती" किंवा "भाताची लावणी अर्धी झाली होती, तुझा बाप चिखलाच्या पायांनी आला" असा. एकदा एका म्हाताऱ्याला सरकारी मदतीसाठी वयाचा पुरावा हवा होता. सिस्टरबाई त्याच्या वतीने कचेरीत गेल्या, सोबत मला नेलं. म्हातारा त्यांच्याहून मोठा, तेव्हा त्याचा जन्म काही त्यांनी पाहिलेला नव्हता. पण त्याच्या थोरल्या मुलीचा पाहिला होता, आणि तिथून त्या हिशेब मागे नेत होत्या.

कारकून म्हणाला, "बाई, तोंडी नको. कागद पाहिजे."

"त्याची मुलगी जन्मली तेव्हा मी तिथे होते. तुमचा कागद होता का?"

"तसं नाही, बाई..."

"मग आमच्या दोघांत जुनं कोण? मी की कागद?"

काम झालं नाही. चहा मात्र मिळाला, आणि परत येताना टमटममध्ये त्या एक वाक्य बोलल्या ते माझ्या डोक्यात राहिलं. "मास्तर, माणूस जन्मतो तेव्हा तिथे बायकाच असतात. म्हणजे जगातल्या प्रत्येकाच्या जन्माची साक्ष बाईची. ती चालते. आणि एक माणूस मेल्यावर पुन्हा उठला, त्याची साक्ष बाईने दिली तर ती बडबड?"

टमटमवाल्याने आरशातून आमच्याकडे पाहिलं. कोण मेल्यावर उठलं ते त्याला विचारायचं असावं, पण धीर झाला नाही.

ईस्टरच्या मिस्साला त्या पुढच्या बाकावर बसत, आणि फादर प्रवचनाला उभे राहिले की घसा खाकरत. फादर तरुण होते, स्वभावाने गोड. पण या खाकरण्याने त्यांचं पहिलं वाक्य नेहमी चुकायचं. एका वर्षी ते म्हणाले, "पुनरुत्थानाचा पहिला साक्षीदार, येशूचा पट्टशिष्य पेत्र..."

सिस्टरबाई उभ्या राहिल्या. "पहिला नव्हे, फादर."

"बसा, सिस्टरबाई."

"बसते. मी खुर्ची मागायला उठले नव्हते. पेत्र कबरीकडे धावला, पण का धावला? बाईने येऊन सांगितलं म्हणून. त्याआधी तो दाराला कडी लावून आत बसला होता. एवढं दुरुस्त करा, बसतेच मी."

सगळं चर्च खुसखुसलं. फादरांनी दुरुस्त केलं. मिस्सा संपल्यावर अंगणात ते हसत मला म्हणाले, "सर, पौलाच्या पत्रात साक्षीदारांची यादी आहे ना, त्यात बायका नाहीत." ते सिस्टरबाईंनी ऐकलं. "यादी करणारा कबरीपाशी होता का?" त्या म्हणाल्या. "नव्हता. त्याने ऐकलं. पुरुषांकडून ऐकलं, पुरुषांचीच नावं लिहिली." दुसऱ्या एका शुभवर्तमानाच्या शेवटी त्या बायका घाबरून कुणालाच काही बोलल्या नाहीत असं येतं, ते फादरांनी पुढे केलं. सिस्टरबाईंनी त्यांच्या खांद्यावर आईसारखा हात ठेवला. "फादर, त्या गप्प राहिल्या असत्या तर आज तुम्हाला नोकरी असती का?"

हे सगळं मी घरी येऊन रंगवून सांगत असे, पत्रांतून, फोनवरून, कमिटीच्या बैठकीत. त्यांची नक्कल मला चांगली जमे: ते घसा खाकरणं, तो प्रश्न. लोक पोट धरून हसत. त्या स्वतःही हसत. थट्टा प्रेमाची होती, यात मला आजही शंका नाही. पण प्रेमाच्या थट्टेनेही माणूस हलका होतो, म्हणजे इतरांच्या तराजूत. हे मला तेव्हा कळलं नाही, असं लिहिणार होतो. पण कळलं होतं, आणि मी त्याचा उपयोग केला. तेच सांगायला हे लिहितो आहे.

२०१७ साली पाड्यातल्या प्रार्थनामंदिराला पन्नास वर्षं होणार होती. कमिटीने दाराशी एक काळा दगड बसवायचं ठरवलं. त्यावर इथली श्रद्धा कुणी सुरू केली त्याचं नाव, आणि सोबत एक स्मरणिका. मजकूर लिहिणार मी. नाव काय असणार याबद्दल कुणाच्या मनात प्रश्नच नव्हता. कारवीच्या कुडाची पहिली झोपडी माझ्या वडिलांनी उभी केली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सिस्टरबाईंनी मला सायंकाळी ओटीवर गाठलं. "मास्तर, झोपडी तुमच्या वडिलांनी बांधली. पण त्याआधी वर्षभर प्रार्थना चालू होती. आयोच्या अंगणात."

आयो म्हणजे पाड्याच्या टोकाला राहणारी एक खूप म्हातारी बाई. तिचं खरं नाव कुणी घेत नसे, सगळे आयोच म्हणत. एके काळी ती धवलेरी होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: वारल्यांच्या लग्नात भट नसतो. लग्न लावते ती धवलेरी, एक बाई. ती गाणी म्हणते, देवांना बोलावते, आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. उद्या भांडण झालं, लग्न झालंच नव्हतं असं कुणी म्हणालं, तर तिचा शब्द शेवटचा.

"चला," सिस्टरबाई म्हणाल्या. "ऐकू नका माझ्याकडून. तिच्याकडूनच घ्या."

आयो अंगणात खाटेवर बसली होती. डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. सिस्टरबाईंनी माझी ओळख करून दिली, तशी तिने माझा हात धरला. "मास्तराचा पोर? तू तव्हा नव्हतास."

"नव्हतो, आयो. मी वसईला शाळेत होतो."

तिने सांगितलं ते असं. तिची सून बाळंतपणात अडली, तिला दूरच्या मिशन दवाखान्यात नेलं. सून वाचली. तिथे एका सिस्टरने तिला एक छोटी प्रार्थना शिकवली. आयो घरी आली आणि तिन्हीसांजेला अंगणात दिवा लावून ती प्रार्थना धवलेरीच्या चालीवर म्हणू लागली. दुसऱ्या बायका येऊन बसू लागल्या. पुरुष म्हणायचे, म्हातारी होण्याआधीच हिला भ्रम झाला.

"मंग तुझा बाप आला," आयो म्हणाली. "भला माणूस. म्हणाला, बाय, तू थांब नको. मी छप्पर घालतो."

"मीही होते तिथे," सिस्टरबाई म्हणाल्या. "नाक वाहत होतं माझं, पण डोळे चांगले होते."

मी आयोला विचारलं. ते वाक्य मला आता इथे लिहिताना कसंसंच होतं, पण विचारलं तेच लिहितो. "आयो, हे सांगू शकेल असा कुणी पुरुष आहे का? त्या वेळचा?"

सिस्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कबरीवरून आलेल्या बायकांची साक्ष बडबड ठरवणाऱ्या ज्या अकरा शिष्यांवर दर ईस्टरला आम्ही नाटकात हसायचो, त्यांचं वाक्य मी त्या अंगणात बोललो होतो, आणि तेही नाटक बसवणाऱ्याने.

आयो मात्र शांतपणे म्हणाली, "पुरुष? ते तव्हा ताडीच्या झाडाखाली होते."

आता ज्यासाठी हे लिहिणं आहे ते. मला पुरुषाची साक्ष नको होती. मला साक्षच नको होती, कारण माझ्याकडे एक आधीपासून होती. माझी आई मला वसईला ठेवून तेव्हा काही महिने वडिलांबरोबर इथे राहिली होती. ती मला लहानपणी सांगायची, "तुझे बाबा आले तेव्हा तिथे बायका आधीच बसलेल्या होत्या. दिवा लागलेला होता. तुझ्या बाबांनी फक्त वारा अडवला." वडील हे ऐकून हसत आणि मान डोलावत. त्यांनी कधीही दुसरा दावा केला नाही. दावा केला तो मी, ते गेल्यावर, भाषणांतून, थोडा थोडा करून. आईचं वाक्य मी कुणालाही सांगितलं नाही.

कमिटीच्या बैठकीला सिस्टरबाई आल्या नव्हत्या. त्या सदस्य नव्हत्या. अध्यक्षांनी विचारलं, "सर, सिस्टरबाई काहीतरी आयोचं म्हणत होत्या?"

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं, "खरं आहे." त्याऐवजी मी घसा खाकरला, त्यांच्यासारखा, आणि म्हणालो, "सिस्टरबाईंना बिबट्याही दिसला होता."

सगळे हसले. दोन वर्षांपूर्वी चिकूच्या वाडीत बिबट्या आल्याची हाकाटी झाली होती, वनखात्याची माणसं येऊन गेली, आणि शेवटी एक मोठा पिवळा कुत्रा निघाला. तेव्हापासून सिस्टरबाईंचा बिबट्या हा पाड्यातला विनोद होता. खरी गोष्ट अशी की बिबट्या हा शब्द त्यांनी उच्चारलाच नव्हता. मी शेजारी उभा होतो. त्या म्हणाल्या होत्या, "वाडीत काहीतरी पिवळं गेलं. काय ते नाही दिसलं." बिबट्या लोकांनी केला. हेही मला माहीत होतं.

"जाऊ द्या मग," अध्यक्ष म्हणाले. "वडिलांचंच नाव." एक जण डोळे पुसत म्हणाला, "सर, तुम्ही पण ना!" चहा आला.

स्मरणिकेत मी आयोला अगदीच टाळलं नाही. माझ्या मनाचं समाधान करण्यापुरती एक ओळ घातली: "आरंभीच्या काळात पाड्यातील एका वृद्ध महिलेचेही सहकार्य लाभले." वृद्ध! तेव्हा ती तिशीतली असेल. आणि नाव नाही. नाव मला सिस्टरबाईंनी सांगितलेलं होतं.

दगड बसवला त्या दिवशी मांडव होता, तारपा वाजत होता, बिशपांच्या वतीने कुणी मोठे फादर आले होते. सिस्टरबाई आयोला हाताला धरून घेऊन आल्या. पडदा बाजूला झाला, टाळ्या झाल्या, लोक जेवणाकडे वळले. मी दगडापाशीच होतो, फोटोसाठी. आयो हळूहळू जवळ आली. तिने दोन्ही हात दगडावर फिरवले. थंड लागला असावा, हसली.

"बाय," तिने सिस्टरबाईंना विचारलं, "माझं नाव कुठं घातलं?"

तिला कुणी सांगितलं होतं, नाव येणार म्हणून? कुणीच नाही. ती ते धरूनच चालली होती. लग्न लावणारीला जशी खात्री असते, तशी.

सिस्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे मी नीट लिहितो, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी आयोचं बोट आपल्या हातात धरलं, दगडावर वर नेलं, आणि माझ्या वडिलांच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर टेकवलं.

"हे बघ, आयो. इथे."

आयोने त्या अक्षरांच्या खोबणीतून बोट फिरवलं, सावकाश, शेवटपर्यंत. "लांब आहे नाव," ती म्हणाली. "पुरं घातलंय."

"पुरं घातलंय," सिस्टरबाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता घरी गेल्यावर माझी हजेरी घेतली जाईल. मी उत्तरंही तयार केली होती. त्यांनी संध्याकाळी नेहमीसारखी वाटीभर भाजी पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला, तो अखंड. एकही भोक नाही. पहिल्या पानावर 'असे समजते' तीनदा होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसाच. मी शेवटी विचारलं, "कात्री हरवली का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मी आता कुणाचं कापायचं?"

आयो पुढच्या उन्हाळ्यात गेली. शेवटी शेवटी तिला कुणी भेटायला गेलं की सांगायची, देवळाच्या दारात माझं नाव आहे, जाताना हात लावून जा. ज्यांना वाचता येत होतं ते जाताना दगडाकडे बघत, आणि मग आपल्याच वाचण्यावर शंका घेत पुढे जात. सिस्टरबाईही २०१९ च्या पावसाळ्यात गेल्या, डहाणूच्या दवाखान्यात. मी रोज जात होतो. बोलायची संधी होती. मी कोंबड्यांच्या तब्येतीबद्दल बोलत राहिलो. त्या ऐकत राहिल्या. त्यांना माझ्याकडून काय हवं होतं ते त्यांनी मागितलं नाही, आणि न मागता देण्याइतका मी मोठा नव्हतो.

त्यांना पुरून आल्यावर मी कमिटीची बैठक बोलावली. कुठलीही प्रस्तावना न करता म्हणालो, "दगडावरचं नाव चुकलं आहे." आणि सगळं सांगितलं: अंगण, दिवा, सून, छप्पर.

अध्यक्ष म्हणाले, "साक्षीदार कोण आहे, सर?"

"आयो. सिस्टरबाई. आणि माझी आई. तिघी गेल्या."

"मग आता..."

"मी सांगतो आहे. बिबट्याही नव्हता. त्या तसं म्हणाल्याच नव्हत्या."

कुणी काही शंका विचारली नाही. चहा संपायच्या आत ठराव मंजूर झाला. एक जण तर म्हणाला, "सर स्वतः वडिलांचं नाव काढायला सांगतात, म्हणजे खरंच असणार." मला त्यांचा राग आला आणि आपल्याला राग यायचा हक्क नाही हेही कळलं. दोन बायकांनी पाहिलेलं त्यांना पटलं नव्हतं. एका पुरुषाने ऐकलेलं पटलं. मी काहीही पाहिलेलं नव्हतं. पेत्र तरी कबरीपर्यंत धावला होता.

पाथरवट उंबरगावहून आला. तो म्हणाला, नवीन दगड घ्या, सोपं पडेल. जुना घासून पुन्हा कोरायचा म्हणजे खोलगट दिसेल. मी म्हणालो, हाच दगड हवा आणि नाव याच ठिकाणी, पहिलं अक्षर इथून सुरू झालं पाहिजे. मी बोट ठेवून दाखवलं. वडिलांचं नाव खाली घेतलं, 'छप्पर घातले' या शब्दांसह. ते पाहून वडील मान डोलावतील.

दगड आता मधे थोडा खोलगट आहे, पाथरवट म्हणाला होता तसा. डोळे मिटून हात फिरवला तरी जागा सापडते. त्या खोलगट जागेत, जिथे सिस्टरबाईंनी ते बोट टेकवलं होतं, तिथून सुरू होतं:

लाडकी धवलेरी. पहिला दिवा हिने लावला.